आवाजाचे दप्तर

उच्चारलेला शब्द धरून ठेवण्याची विद्या एडिसनच्या फोनोग्राफच्या रूपाने १८७७ साली मनुष्याला साध्य झाली. परंतु धरून ठेवलेल्या असंख्य शब्दांतून नेमके हवे असलेले बोलणे, हवे त्या क्षणी, पुन्हा कानी पडावे अशी व्यवस्था लावण्यात त्यापुढे शंभराहून अधिक वर्षे खर्ची पडली. ध्वनिमुद्रणाचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार पहिल्या पराक्रमाचे सविस्तर वर्णन करतात आणि लगेच गायक-वादकांच्या तबकड्यांकडे वळतात. दुसरे काम ज्यांनी तडीस नेले ती तळहातावर मावणारी, अंगठ्याने चालणारी, वकील, डॉक्टर, वार्ताहर आणि कचेरीतील अधिकारी यांच्या खिशात दिवसभर निमूटपणे वावरणारी यंत्रे त्यांच्या ग्रंथांत तळटीपेपुरतीच येतात. हा अन्याय आहे असे मला मनापासून वाटते. कारण संग्रह आणि व्यवस्था या दोहोंत व्यवस्थेचे काम अधिक बिकट असते, आणि या लहानग्या यंत्रांचे सारे कर्तृत्व व्यवस्थेत आहे.

लिहिलेल्या कागदावरून नजर फिरवली की त्यातील विषय क्षणार्धात उमगतो. पाने चाळता येतात, समासात खूण करता येते, पाठीवर शेरा मारता येतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांचे गठ्ठे कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, आणि कोणत्या रुमालात काय आहे याची यादी हाताशी असली की अभ्यासक दोनशे वर्षांपूर्वीच्या मजकुरापर्यंत थेट जाऊन पोहोचतो. आवाजाला पान नाही आणि समासही नाही. दहा मिनिटांच्या बोलण्यात काय आहे हे जाणून घ्यायचे तर दहा मिनिटे कान देऊन बसण्यावाचून गत्यंतर नाही. आणि असे शंभर निरोप एकापुढे एक साठले की त्यांतला सत्त्याहत्तरावा शोधणे हे जवळजवळ पुन्हा तेवढेच जगण्यासारखे होऊन बसते.

एडिसनने १८७८ साली ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ या नियतकालिकात आपल्या यंत्राचे संभाव्य उपयोग मांडले, तेव्हा त्याने अग्रस्थान संगीताला दिले नव्हते. लघुलेखकाच्या साहाय्यावाचून पत्रे व मसुदे सांगण्याच्या सोयीला दिले होते. डेन्मार्कच्या वाल्डेमार पौलसेनने १८९८ साली पोलादी तारेवर चुंबकशक्तीने आवाज उमटविला, त्याच्याही डोळ्यांपुढे गाणे नव्हते, तर दूरध्वनीवरून आलेला निरोप होता. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ या यंत्रापुढे जे चार शब्द बोलला ते आजही ऐकता येतात. म्हणजे कचेरीची गरज ही या विद्येच्या जन्मापासून तिच्याबरोबर आहे. आपल्याकडे शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्याविषयी अशी आख्यायिका आहे की, लिहावयाचे राहून गेलेले पत्र त्यांनी महाराजांपुढे कोऱ्या कागदावरून अस्खलित वाचून दाखविले. सांगितलेला मजकूर यथातथ्य स्मरणात ठेवणारा असा चिटणीस लाखांत एखादाच. बाकीच्या कचेऱ्यांना यंत्राचाच आधार घ्यावा लागणार होता.

‘डिक्टाफोन’ हे नाव कोलंबिया कंपनीने १९०७ साली आपल्या नावे नोंदविले. तेव्हाच्या यंत्रांत मेणाच्या नळकांड्यावर मजकूर सांगावयाचा, टंकलेखिकेने तो ऐकून टंकित करावयाचा, आणि मग मेणाचा वरचा थर तासून तेच नळकांडे पुन्हा वापरात घ्यावयाचे असा क्रम असे. या यंत्रांबरोबर पुढे कागदाची एक अरुंद पट्टी येऊ लागली, आणि तिच्याकडे मी वाचकाचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. मुद्रणाच्या लांबीइतक्याच मापाच्या त्या पट्टीवर सांगणारा माणूस खुणा करी: येथे एक पत्र संपले, येथे दुरुस्ती आहे. टंकलेखिका ती पट्टी यंत्राला लावून पत्र किती लांब आहे आणि चूक कोठे सुधारली आहे हे अगोदरच पाहून घेई. आवाजाची अनुक्रमणिका म्हणून जी काही वस्तू आहे, तिचे हे पहिले रूप. आणि ते कागदाचे होते.

यंत्र खिशात शिरले ते मात्र १९५० नंतर. जर्मनीत त्या दशकाच्या आरंभी ‘मिनिफोन’ नावाचे तारेवर मुद्रण करणारे छोटे यंत्र निघाले. फिलिप्स कंपनीच्या लू ओटेन्स यांनी कोटाच्या खिशात मावेल असा लाकडाचा ठोकळा करून घेतला व आपल्या सहकाऱ्यांना त्या आकाराचे यंत्र घडविण्यास सांगितले. त्यातून निघालेली कॅसेट १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. १९६७ साली फिलिप्सने केवळ मसुदे सांगण्यासाठी आणखी लहान कॅसेट काढली, आणि १९६९ साली जपानच्या ऑलिंपस कंपनीने मायक्रोकॅसेट आणली, जिची फीत सेकंदाला अवघी २.४ सेंटिमीटर सरके. पुढील पंचवीस वर्षे वार्ताहरांच्या हाती दिसणारे यंत्र बहुधा याच जातीचे होते. तथापि फीत ही कितीही लहान झाली तरी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी वाट आहे. मधल्या मजकुरात एक वाक्य घालावयाचे तर त्यापुढचे वाक्य पुसले जाई. आणि शोध घ्यावयाचा तर मागे-पुढे फिरवीत बसावे लागे. उत्पादकांनी फितीवर सूचक स्वर उमटविण्याची सोय करून पाहिली, म्हणजे फीत वेगाने फिरताना तो स्वर ऐकू येऊन पत्राची सीमा कळे. ती कागदी पट्टीचीच ध्वनिरूप आवृत्ती होती. त्याहून अधिक नव्हे.

खरी क्रांती झाली ती फीत जाऊन तिच्या जागी सिलिकॉनची चकती आली तेव्हा, आणि तिच्या दोन शाखांपैकी जी आज विस्मृतीत गेली आहे तीच मला अधिक मनोवेधक वाटते. कॅलिफोर्नियातील ‘इन्फर्मेशन स्टोरेज डिव्हायसेस’ या कंपनीने १९९० च्या सुमारास एक विलक्षण कल्पना प्रत्यक्षात आणली. संगणकाच्या रीतीने आवाजाचे अंक बनवावयाचे, तर प्रत्येक नमुन्यासाठी आठ-आठ घरे खर्च होतात, कारण एका घरात शून्य किंवा एक एवढेच मावते. या चकतीत तसे न करता, मायक्रोफोनकडून आलेल्या विजेचा दाब जसाच्या तसा, त्याच्या साऱ्या चढउतारांसह, एकेका घरात विद्युद्भाराच्या रूपाने कोंडून ठेवीत. सेकंदाला ८,००० नमुने या हिशेबाने १६ सेकंदांच्या निरोपाला १,२८,००० घरे पुरत. त्या काळच्या स्मृति-चकत्यांच्या किमती ध्यानात घेतल्या म्हणजे या आठपट काटकसरीचे मोल कळते. बॅटरी काढून टाकली तरी निरोप पुसला जात नसे. शिवाय त्या १६ सेकंदांचे १६० भाग पाडून प्रत्येक भागाला स्वतंत्र क्रमांक दिलेला असे. वाट तुडवीत जाण्याची गरज त्या दिवशी संपली; अमुक क्रमांकापासून बोल, असा हुकूम दिला की यंत्र तेथून बोलू लागे. आवाजाला पत्ता मिळाला. किल्ल्यांच्या जुडग्याला अडकविता येतील अशी छोटी टिपणयंत्रे, बोलणारी शुभेच्छापत्रे आणि दूरध्वनीचे निरोप घेणारी उपकरणे या चकतीवर निघाली, व लोकांनी त्यांचा वापर केला तो तिचे नाव न जाणताच.

दुसरी शाखा फ्लॅश स्मृतीची. तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी शोधलेली व १९८४ साली विद्वानांपुढे मांडलेली ही स्मृती १९९३ साली अमेरिकेत ‘फ्लॅशबॅक’ नावाच्या मुठीएवढ्या यंत्रात आली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातच ‘व्हॉइस ऑर्गनायझर’ बाजारात आला. आणि नावाप्रमाणे व्यवस्था हाच त्याचा उद्देश होता. मालकाने यंत्राला अगोदर आपल्या आवाजात एकेक नाव उच्चारून शिकवावयाचे. मग ते नाव घेतले की त्या नावाखाली ठेवलेला निरोप किंवा दूरध्वनी क्रमांक पुढे यावा, आणि नेमलेली वेळ झाली की यंत्राने स्वतः आठवण द्यावी, अशी त्याची रचना होती. ते मालकाखेरीज इतरांचा आवाज ओळखीत नसे, गोंगाटात गडबडे, आणि त्याची साठवण तुटपुंजी होती. तरीही त्याची दिशा अचूक होती, असेच म्हणावे लागते, कारण आवाज शोधण्याचे साधन आवाजच असावे हे तत्त्व तळहातावरील यंत्रात उतरविण्याचे धैर्य त्याच्या कर्त्यांनी दाखविले.

कचेरीच्या जगाला मात्र हवी होती ती शिस्त, आणि ती ग्रुंडिग, फिलिप्स व ऑलिंपस या तीन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र येऊन ठरविलेल्या ‘डिजिटल स्पीच स्टँडर्ड’ने १९९० च्या दशकात आणली. दूरध्वनीच्या दर्जाचा आवाज न दाबता साठविला तर एका तासाला सुमारे २९ मेगाबाइट लागतात. या पद्धतीने तेच बोलणे सहा-सव्वासहा मेगाबाइटांत बसू लागले. पण माझ्या दृष्टीने तिचा खरा गुण संकोचनात नाही. प्रत्येक मुद्रणाच्या शीर्षभागी बोलणाऱ्याची ओळख, तारीख, आरंभाची व समाप्तीची वेळ, कामाचा प्रकार आणि ते तातडीचे आहे की नाही, एवढा तपशील आवाजाबरोबरच बांधून ठेवण्याची तजवीज तिने केली. सरकारी लिफाफ्यावर जावक क्रमांक, दिनांक आणि ‘तातडीचे’ हा शेरा असावा तसे हे आहे, आणि तो लिफाफा मजकुरापासून कधीच विलग होत नाही. यंत्रात अ, ब, क अशा नावांचे कप्पे. एका कप्प्यात निरोप क्रमवार. मधल्या ठिकाणी वाक्य घुसविले तर पुढचा मजकूर आपोआप मागे सरे. बाजूला अंगठ्याने वरखाली सरकविण्याची एकच खिट्टी, तिच्यातच मुद्रण, थांबा, श्रवण आणि उलट फिरवणे हे चारही व्यापार. रुग्णाच्या क्ष-किरण छायाचित्रावरून नजर न हटविता डॉक्टर जी यंत्रे चालवीत, त्यांत या खिट्टीहून सोयीचे साधन मी पाहिलेले नाही.

या व्यवस्थेचा महाराष्ट्राशी जो संबंध आला तो पडद्याआडचा होता. अमेरिकेतील डॉक्टरांनी दिवसभरात सांगितलेली टिपणे दूरसंचारमार्गे भारतात येत आणि मुंबई-पुण्यासह अनेक शहरांतील तरुण-तरुणी रात्रपाळीत, पायाखालच्या पेडलने आवाज थांबवीत व मागे नेत, ती टंकित करीत. अमेरिकेत सकाळ होण्यापूर्वी कागद तयार असत. परक्या उच्चारातील औषधांची नावे अचूक ऐकण्याचे ते कष्टाचे काम आपल्या हजारो मुलामुलींनी केले. त्याची नोंद आपल्याकडे कोणी फारशी घेतलेली नाही, हे खेदाने नमूद केले पाहिजे.

आतापर्यंत वर्णिलेली सर्व यंत्रे साक्षरांसाठी होती. कप्प्याचे अक्षर वाचता येत नसेल त्याने काय करावे, याचा विचार त्यांत नव्हता. तो केला ‘टॉकिंग बुक’ या यंत्राने. क्लिफ श्मिट यांनी २००७ साली स्थापन केलेल्या ‘लिटरसी ब्रिज’ या संस्थेने ते घानाच्या खेड्यांसाठी घडविले. साध्या सेलांवर चालणाऱ्या या यंत्रात शेती, आरोग्य असे विषय स्थानिक भाषेत बोलून सांगितले जातात; बाणाची कळ दाबावी, विषयाचे नाव ऐकावे, आणि हवा तो निरोप लावावा. शेतकऱ्याला आपला प्रश्न त्यातच बोलून ठेवता येतो, आणि एका यंत्रातील निरोप तारेने दुसऱ्या यंत्रात उतरविता येतो. अनुक्रमणिकाच बोलकी करून टाकणारे हे यंत्र मला या साऱ्या परंपरेतील सर्वांत उदार निर्मिती वाटते.

भ्रमणध्वनीने या यंत्रांची बाजारपेठ बव्हंशी गिळली. फिलिप्सचा हा व्यवसाय २०१२ पासून व्हिएन्नातील एका स्वतंत्र कंपनीकडे आहे, आणि तेथून खिट्टीची यंत्रे आजही वकील-डॉक्टरांसाठी निघतात. सामान्य माणूस मात्र आता दिवसाकाठी डझनभर बोलके निरोप पाठवितो व घेतो. त्यांवर तारीख-वेळ असते, पण विषय नसतो, कप्पा नसतो, आणि महिन्यापूर्वीचा निरोप शोधताना तो पुन्हा त्या जुन्या फितीच्या वाटेवर येऊन उभा राहतो. या बाबतीत आपण मागे गेलो आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती करतो. घरातील वडीलधाऱ्यांच्या ओव्या, आठवणी, गावगाड्याच्या हकीगती ज्या कोणी मायक्रोकॅसेटवर किंवा अशा यंत्रांत भरून ठेवल्या असतील, त्यांनी त्या विनाविलंब साध्या, सर्वत्र चालणाऱ्या ध्वनिरूपात उतरवून दोन ठिकाणी जपाव्यात. फितीवरील चुंबकीय लेप झिजतो, ती वाजविणारी यंत्रे दुर्मिळ होत चालली आहेत, आणि विशिष्ट पद्धतीच्या फायली वाचणारी साधनेही कायम राहतील असे नाही. नवे मुद्रण करताना आरंभीच, कोणाचेही बोलणे सुरू होण्यापूर्वी, बोलणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख स्वच्छ उच्चारात सांगावी. त्याला पाव मिनिटही लागत नाही.