चावण्याआधी बोका काय सांगतो?

वारणानगरच्या परिसरात जनावर कळणारी माणसं घरोघरी आहेत. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने आधी साखर कारखाना आला, मग दूध संघ, आणि गाई-म्हशी इथल्या संसाराचा भागच झाल्या. धार काढायला बसलेल्या बाईला म्हैस लाथ झाडणार हे आधीच उमगतं. पाय चुळबुळतो, अंग आखडतं, शेपटीचा फटकारा बदलतो. पण ओसरीवर येणारा ओळखीचा बोका पायाला अंग घासतो, कुरवाळून घेतो आणि मध्येच कडकडून चावतो, तेव्हा मात्र आपण मांजराची जातच बेइमान ठरवून मोकळे होतो. हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. बोक्यानेही आधी सांगितलेलंच असतं.

पाठीवरून हात फिरवताना त्याच्या शेपटीच्या टोकाकडे बघा. आधी नुसतं टोक हलतं, मग शेपूट जमिनीवर आपटू लागतं. सुखाची गुरगुर थांबते. पाठीवरची कातडी थरथरते, कान बाजूला किंवा मागे वळतात, मान हाताकडे फिरते. हे सगळं काही सेकंदांत घडतं. उठून गेला नाही म्हणजे त्याला आवडतंय, असं धरून आपण हात फिरवतच राहतो. मग दात लागतात.

कुठे हात लावतो यावरही बरंच अवलंबून असतं. मांजराच्या गालांत, हनुवटीखाली आणि डोळा व कान यांच्या मधल्या जागेत गंधग्रंथी असतात. पायाला डोकं घासताना ते आपला वास तुमच्यावर सोडतं. ती ओळख असते, सलगी असते. सगळं अंग चोळून द्या अशी मागणी नसते. ब्रिटनमध्ये सारा एलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांजरांची सर्वाधिक नाराजी दिसली ती शेपटीच्या बुडाशी हात लावल्यावर. पोट दाखवून लोळणारं मांजर विश्वास दाखवत असतं, पण म्हणून पोटाला हात लावू नये. तिथे चारही पंजे तयार असतात.

नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये लोकांना एवढंच शिकवलं: जवळ यायचं की नाही ते मांजराला ठरवू द्या, त्याच्या अंगाच्या खुणांकडे लक्ष ठेवा, हात शक्यतो गाल आणि कानांच्या बुडापाशीच ठेवा. तेवढ्या शिकवणीनंतर त्याच माणसांशी मांजरं अधिक प्रेमाने वागली आणि अंगावर येणं कमी झालं. ओसरीवरच्या बोक्यालाही हेच लागू पडतं. दोन-तीनदा गाल खाजवा आणि हात मागे घ्या. त्याला हवं असेल तर तो स्वतः डोकं पुढे करील.

गल्लीतल्या मांजराचं बालपणही ध्यानात घ्यावं लागतं. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाच्या हाताला सरावलं तर पुढे निर्धास्त राहतं. त्या वयात हात न लागलेलं मांजर भाकर-दुधाला रोज येईल, पण उचलून घेतलं की बिथरेल.

कधी राग भलत्यावरच असतो. कुंपणावर दुसरा बोका दिसला की आपला बोका फुगतो, फिसकारतो. अशा वेळी त्याला आवरायला घातलेला हात हमखास फाटतो. तो ताण काही तास टिकू शकतो, म्हणून त्याला एकटं सोडावं. मारू नये, मारल्याने भीती वाढते आणि पुढचा चावा आणखी लवकर येतो. पिल्लांशीही हाताच्या बोटांनी खेळू नये, दोरीला चिंधी बांधून खेळवावं.

रोज लाडात येणारा बोका एकाएकी अंगाला हात लावू देईना, तर मात्र आधी दुखणं शोधा. बोक्यांच्या मारामारीत दाताची बारीक जखम वरून मिटते आणि आत पू साचतो. गालावर किंवा शेपटीच्या बुडाशी गाठ येते, ताप चढतो, खाणं सुटतं. त्याला घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. ते औषध पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात पुरेशी नसते, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. त्याला पशुवैद्याकडेच न्यावं. बरा झाल्यावर त्याचं खच्चीकरणही करून घ्यावं. बेंजामिन हार्ट आणि बॅरेट यांच्या १९७३ च्या अभ्यासात खच्चीकरणानंतर दहापैकी जवळजवळ नऊ बोक्यांची मारामारी कमी झाली होती.

विनाकारण अंगावर धावणं, आवाज बदलणं, लाळ गळणं, झोकांड्या खाणं अशी लक्षणं दिसली तर त्या मांजराला हात लावू नका. रेबीज कुत्र्याप्रमाणे मांजराकडूनही होतो आणि लक्षणं उमटल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

मांजराचे दात बारीक असतात, पण खोल जातात. जखम टाचणीएवढी दिसते आणि दुसऱ्या दिवशी हात सुजतो. चावलं किंवा ओरखडून रक्त आलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. आणि सांगितलेले सगळे डोस पूर्ण करा.