उद्गारचिन्हाशी खेळ

५! म्हणजे ५ × ४ × ३ × २ × १ = १२०. पाच पुस्तके फळीवर १२० प्रकारे मांडता येतात. क्रमगुणिताची ही खूण ख्रिश्चन क्रॅम्प यांनी १८०८ मध्ये वापरली. कृती थोडी बदलून आपल्यालाही नवी क्रमगुणिते बनवता येतील. प्रश्न एवढाच, की त्यांतून काही हाती लागते का?

एकाआड एक संख्या घेऊ या. ७ × ५ × ३ × १ = १०५. याला दुहेरी क्रमगुणित म्हणतात आणि ते ७!! असे लिहितात. (३!! म्हणजे ३, पण (३!)! म्हणजे ७२०, फळ्यावर लिहिताना कंस विसरू नये.) आता आठ मुलांच्या चार जोड्या लावू. पहिल्या मुलाला जोडीदार ७ प्रकारे मिळतो, उरलेल्यांपैकी एकाला ५ प्रकारे, मग ३, मग १. एकूण १०५. म्हणजे हा खेळ निरर्थक नव्हता.

आता चिन्हे आलटून पालटून देऊ. ३! − २! + १! = ५. ४! − ३! + २! − १! = १९. दर वेळी नव्या क्रमगुणितातून आधीचे उत्तर वजा केले की झाले. पुढची उत्तरे १०१, ६१९, ४४२१, ३५८९९. सहाही मूळ संख्या! एव्हाना वर्गात कोणीतरी नियम जाहीर केलेला असतो. त्याला अडवू नये, नवाची पाळी येऊ द्यावी: ३६२८८० − ३५८९९ = ३२६९८१ = ७९ × ४१३९. नियम कोसळला. गंमत अशी, की दहाचे उत्तर ३३०१८१९ पुन्हा मूळच आहे.

मग अशा मूळ संख्या अनंत असतील का? बेलग्रेडचे मिओद्राग झिवकोविच यांनी १९९९ मध्ये याचे उत्तर ‘नाही’ असे दिले. ३६१२७०२ पासून मिळणाऱ्या उत्तराला ३६१२७०३ ने भाग जातो. पुढच्या प्रत्येक क्रमगुणितात ३६१२७०३ हा अवयव असतोच. म्हणून वजाबाकीलाही त्याने भाग जातो, आणि ही साखळी कधी तुटत नाही. संख्या मोठी आहे, युक्ती मात्र नववीच्या मुलालाही कळेल.

चिन्हे न बदलता नुसती बेरीज केली तर १, ३, ९, ३३, १५३ असे मिळते. ९ नंतर यात पूर्ण वर्ग सापडेल का? एकक स्थानचा अंक पाहावा.