विश्लेषण : डॅनिशमध्ये पन्नास म्हणजे ‘अडीच वीस’, चिनीत ‘पाच दहा’, मग मराठी मुलं ‘त्रेसष्ट’ला का अडखळतात?

नाशिकमधल्या एखाद्या किराणा दुकानात सहज दिसेल असं दृश्य. स्कॅन करून पैसे पाठवले की काउंटरवरचा साउंडबॉक्स मराठीत बोलतो, ‘एकोणसाठ रुपये’. सोबत आलेला चौथीतला मुलगा आईला विचारतो, ‘म्हणजे फिफ्टी-नाइन ना?’ घरी मराठी, शाळा सेमी-इंग्रजी. मराठी गोष्ट त्याला कळते, मराठी विनोद कळतो, पण एकोणसाठ की एकोणसत्तर, तिथे गाडी अडते.

दोष मुलाचा की आकड्यांच्या नावांचा? हा प्रश्न २०१९ मध्ये थेट विधानसभेत गाजला होता. तो नीट समजून घ्यायचा तर दोन टोकांच्या भाषा शेजारी ठेवून पाहिलेल्या बऱ्या. एक चिनी, म्हणजे मँडरिन, आणि दुसरी डॅनिश.

चिनीत ९९ पर्यंत दहाच शब्द

चिनी भाषेची ख्याती अवघड म्हणून आहे. एकच अक्षर चार वेगळ्या सुरांत म्हटलं की चार वेगळे अर्थ, वर हजारो चित्राक्षरं. पण मोजायला बसलं की हीच भाषा कमालीची सरळ होते. एक ते दहा पाठ करा, ९९ पर्यंतचं काम झालं. अकरा म्हणजे ‘दहा एक’, वीस म्हणजे ‘दोन दहा’, बावन्न म्हणजे ‘वू शी अर’, अर्थात ‘पाच दहा दोन’. जसं लिहायचं, तसंच आणि त्याच क्रमानं बोलायचं.

तरी फसायला जागा आहेच. चार आणि दहा या शब्दांत ‘स’ आणि ‘श’ एवढाच फरक, शिवाय सूर वेगळा. चीनच्या दक्षिण भागात अनेकांच्या बोलण्यात हे दोन उच्चार एक होतात आणि चौदा-चाळीसचा घोळ होतो. आपल्या वाचकांना आणखी एक गोष्ट खटकेल. चिनीत लाखाला स्वतंत्र शब्द नाही. दहा हजाराला ‘वान’ म्हणतात आणि लाख म्हणजे ‘दहा वान’.

डॅनिशमध्ये पन्नास म्हणजे ‘अर्धा तिसरा’

डॅनिशची लिपी ओळखीची रोमन, व्याकरण बरंचसं इंग्रजीच्या वळणाचं. पण पन्नासपाशी आलं की पंचाईत. पन्नासला शब्द आहे ‘हाल्त्रेस’. त्याचं मूळ रूप लांबलचक असून अर्थ होतो ‘अर्धा-तिसरा गुणिले वीस’. अर्धा-तिसरा म्हणजे पहिले दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा, म्हणजे अडीच. अडीच गुणिले वीस, पन्नास. साठ म्हणजे ‘तीन वीस’, सत्तर म्हणजे ‘अर्धा-चौथा वीस’, ऐंशी ‘चार वीस’ आणि नव्वद ‘अर्धा-पाचवा वीस’. त्यातलं ‘गुणिले वीस’ रोजच्या बोलण्यातून केव्हाच गळून गेलं. ‘पन्नासावा’ म्हणताना मात्र ते अजून आख्खं म्हणतात.

भरीला एकक आधी येतो. त्रेपन्न म्हणजे ‘तीन आणि अर्धा-तिसरा’. नॉर्वे-स्वीडनचे शेजारी यावरून डॅनिश लोकांची चेष्टा करतात.

मराठी माणसानं हसण्याआधी थोडं थांबावं. ‘अडीच’ हा शब्द आला आहे संस्कृत ‘अर्धतृतीय’वरून, म्हणजे अर्धा तिसरा! ‘दीड’ आला ‘द्व्यर्ध’वरून आणि डॅनिशमध्येही दीडला ‘अर्धा-दुसरा’ अशाच अर्थाचा शब्द आहे. ‘औटघटकेचं राज्य’ आपण सर्रास म्हणतो. त्यातलं औट म्हणजे साडेतीन, मूळ ‘अर्धचतुर्थ’. आजोबांच्या पिढीनं शाळेत दीडकी, अडीचकीसोबत औटकीही घोकली होती. आणि वीस नगांची कोडी बाजारात होतीच. म्हणजे डॅनिश सत्तर मराठीत सांगायचे तर ‘औट कोडी’. मोजण्याच्या बाबतीत आपण चीनपेक्षा डेन्मार्कच्या जास्त जवळचे आहोत.

मराठीत अडचण कुठे येते?

मराठीतही एकक आधी. ६३ लिहिताना सहा आधी, बोलताना तीन आधी. त्यात शब्द जोडताना मूळ रूप ओळखू येत नाही. साठचं ‘सष्ट’ होतं, सत्तरचं ‘हत्तर’, नव्वदचं ‘ण्णव’. एकोणीस ते एकोणनव्वद ‘एक कमी’चा नियम चालतो आणि ९९ ला आपण तो सोडून नव्व्याण्णव म्हणतो. शिवाय जोडाक्षरं. परिणाम असा की शंभरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा मुलाला सुटा पाठ करावा लागतो. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर, जिथे घरात कोकणा किंवा वारली बोलली जाते, तिथल्या मुलाला ‘त्र्याहत्तर’मध्ये गणित आणि परकी भाषा दोन्ही एकदम भेटतात.

२०१९ मध्ये काय झालं होतं?

बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी संख्या वाचण्याची पद्धत आली आणि वाद पेटला. पद्धत पाहिली तर ती चिनीच्या जवळची. दक्षिणेतल्या कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळममध्येही दशकच आधी येतो. बालभारतीच्या गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष, दिवंगत गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनी जुनी पद्धत काढलेली नाही, दोन्ही पर्याय दिले आहेत, असं स्पष्ट केलं. पण तोवर समाजमाध्यमांवर विनोदांचा पूर आला होता आणि विधानसभेत ‘फडणवीस’ आडनावातल्या ‘वीस’वरही कोटी झाली होती.

विरोधकांचा सगळाच मुद्दा थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. छत्तीसचा आकडा, बेचाळीस पिढ्या हे भाषेत मुरलेलं आहे. लासलगावच्या कांदा लिलावात भाव ‘पंधराशे एकावन्न’ असाच पुकारला जाणार. पुस्तकातला आकडा आणि बाजारातला आकडा वेगळा झाला तर मूल दोन्हीकडून अडकेल, ही भीती रास्त होती. फक्त ते मूल आजही अडकलेलंच आहे, हे त्या गदारोळात फारसं कुणी बोललं नाही.

शब्द सोपे असले की गणित सुधारतं?

थोडंफार. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केव्हिन मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये चिनी आणि अमेरिकी बालकांची तुलना प्रसिद्ध केली. दहापर्यंत मोजण्यात दोघं सारखीच होती. अंतर पडायला लागलं अकराच्या पुढे, जिथे इंग्रजीत ‘इलेव्हन, ट्वेल्व्ह’ येतं आणि चिनीत ‘दहा एक, दहा दोन’. वस्तू मोजण्याची समज मात्र दोन्हीकडे सारखी होती. जर्मनमध्येही एकक आधी येतो आणि तिथली लहान मुलं ऐकलेला आकडा लिहिताना अंकांची अदलाबदल करतात, हेही अभ्यासांत दिसलं आहे.

पण मग डॅनिश मुलं गणितात मागे पडायला हवी होती. तसं नाही. ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०२२ मध्ये डेन्मार्कचे गणिताचे सरासरी गुण ४८९ होते, ओईसीडी देशांची सरासरी ४७२. अवघड शब्दांचा फटका सुरुवातीच्या वर्षांत बसतो. चांगली शाळा आणि भरपूर सराव मिळाला तर तो भरून निघतो. ज्याला ते मिळत नाही, त्याच्यासाठी मात्र तो फटका मोठा.

आकड्यांची नावं बदलता येतात का?

नॉर्वेनं बदलून पाहिली. पूर्वी तिथेही ‘दोन आणि पन्नास’ म्हणत. लांबलचक फोन नंबर सांगताना चुका व्हायच्या, म्हणून दूरध्वनी खात्यानं आग्रह धरला आणि १९५१ मध्ये संसदेच्या निर्णयानं ‘पन्नास दोन’ ही पद्धत अधिकृत झाली. शाळा आणि रेडिओनं ती उचलली. सत्तर वर्षं उलटली, तरी जुनी पद्धत अजून अनेकांच्या तोंडी आहे.

डेन्मार्कचा प्रयोग आणखी मजेशीर. तिथल्या ५० क्रोनरच्या नोटेवर कित्येक वर्षं ‘फेमती’, म्हणजे सरळ ‘पाच दहा’ अशा अर्थाचा शब्द छापला जात होता. लोक ती नोट हातात घेत, वर लिहिलेलं वाचत आणि तोंडानं ‘हाल्त्रेस’च म्हणत. अखेर पुढच्या मालिकेत नोटेवरही ‘हाल्त्रेस’ आलं.