मांडो : दोन आवाजांचे गाणे

ओळख : गोव्यातील कॅथलिक समाजाचे कोंकणी गीत-नृत्य. 19व्या शतकात कुडतरी, लोटली, राय अशा सासष्टीतील गावांत बहरले. लग्नघर ही त्याची हक्काची जागा.

रचना : शब्द आणि चाल बहुधा एकाच व्यक्तीची. विषय प्रेमाचा: ओढ, मीलन, ताटातूट. मांडोच्या मैफलीची सांगता ज्या निरोपगीताने होते, त्याचे रचनाकार तोर्कात द फिगेरेदो (1876–1948).

दुसरा आवाज : सगळ्यांनी एकच चाल गाणे म्हणजे समूहगान. मांडोत चालीचे शब्द आणि लय तीच, पण स्वर दोन.
• पहिला आवाज मूळ चाल गातो.
• दुसरा बहुधा तिसऱ्या स्वराचे अंतर राखून खालून चालतो. पहिला पंचमावर, तर दुसरा गंधारावर. पहिला गंधारावर उतरला की दुसरा षड्जावर.
• कधी हे अंतर सहा स्वरांचे होते.
• दुसऱ्याने पहिल्याच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायचा, शब्द त्याच्याच क्षणी सोडायचा. खरी कसोटी इथेच.

हा कान घडवला चर्चच्या शाळांनी. तिथे मुलांना स्वरलेखन, गायन आणि व्हायोलिन शिकवत.

दुलपद : मांडोपाठोपाठ येणारे द्रुत गीत. गावातले प्रसंग, थट्टामस्करी. रचनाकार बहुतेक अज्ञात.

साथ : व्हायोलिन आणि घुमट. घुमट म्हणजे दोन्ही तोंडे उघडी असलेले मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणत. घोरपड संरक्षित प्राणी असल्याने आता बकरीचे कातडे वापरतात. 2019मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य घोषित केले.