विजेच्या तारेवरील चुंबकीय बल : त्याचें गणित



गणिताचा विषय नभोवाणीवरून मांडणें म्हणजे फळा आणि खडू यांवांचून शिकविणें होय. तरीहि आजचा विषय मीं मुद्दाम निवडला आहे; कारण ज्या बलाविषयीं मी बोलणार आहें, त्याच बलाच्या आधारें माझे शब्द या क्षणीं आपल्या कानीं पडत आहेत. विजेचा प्रवाह वाहणारी तार लोहचुंबकाच्या क्षेत्रांत आडवी धरली असतां ती एका बाजूस ढकलली जाते. ती किती जोरानें ढकलली जाईल, हें आधींच कसें सांगतां येतें, एवढाच आजचा प्रश्न आहे.

१८२० सालीं डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ ओर्स्टेड यांना असें आढळलें कीं, प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई आपली दिशा सोडते. ही वार्ता त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत पॅरिसला पोहोंचली, आणि थोड्याच दिवसांत आंपेर यांनीं दाखवून दिलें कीं, दोन समांतर तारांतून प्रवाह एकाच दिशेनें जात असल्यास त्या एकमेकींना ओढतात व उलट दिशांनीं जात असल्यास दूर लोटतात. पुढच्याच वर्षीं लंडनमध्यें फॅरडे यांनीं प्रवाह वाहणारी तार चुंबकाभोंवतीं फिरती ठेवून दाखविली. आजच्या विजेच्या मोटारीचें बीज तें हेंच.

आतां गणिताकडे वळूं. तारेवरील बल तीन गोष्टींवर अवलंबून असतें : चुंबकीय क्षेत्र किती तीव्र आहे, तारेंतून प्रवाह किती वाहतो, आणि तारेची किती लांबी त्या क्षेत्रांत आहे. क्षेत्र टेस्लांत, प्रवाह अँपिअरमध्यें व लांबी मीटरांत मोजून या तीन संख्यांचा गुणाकार केला, कीं बल न्यूटनमध्यें मिळतें. एक न्यूटन म्हणजे सुमारें १०० ग्रॅम वजनाचा भार. मात्र तार क्षेत्राशीं काटकोनांत असली पाहिजे. ती तिरकी असेल तर या गुणाकाराला कोनाच्या ज्येनें पुन्हां गुणावें लागतें. कोन ३० अंशांचा असल्यास बल निम्मेंच उरतें; आणि तार क्षेत्राच्याच दिशेंत ठेवली तर प्रवाह कितीहि मोठा असो, बल शून्य होतें.

उदाहरण आपल्या पायांखालच्या पृथ्वीचेंच घेऊं. एका टेस्लाचे एक लाख भाग केले, तर त्यांतील सुमारें चार भाग एवढें आपल्या महाराष्ट्रांत पृथ्वीचें उत्तराभिमुख क्षेत्र असतें. एक मीटर लांबीची तार पूर्वपश्चिम धरून तींतून १० अँपिअरचा प्रवाह सोडला, तर या क्षेत्रामुळें येणारें बल सुमारें ४० मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या एकदोन दाण्यांच्या वजनाइतकें होईल. प्रवाह पूर्वेकडे जात असल्यास तें तारेला वर उचलील.

ही दिशा कशी ओळखावी? डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी व मधलें बोट एकमेकांशीं काटकोनांत ताणून धरा. तर्जनी क्षेत्राच्या दिशेस व मधलें बोट प्रवाहाच्या दिशेस ठेवलें, कीं अंगठा बलाची दिशा दाखवितो. फ्लेमिंग यांच्या नांवानें हा नियम प्रसिद्ध आहे.

आपल्या रेडिओच्या कर्ण्यांत बारीक तारेचें एक वेटोळें चुंबकाच्या फटींत बसविलेलें असतें. तेथील क्षेत्र १ टेस्ला, तारेची एकूण लांबी ५ मीटर आणि प्रवाह एक दशांश अँपिअर धरूं. फटींतील क्षेत्र तारेच्या प्रत्येक भागाशीं काटकोनांत असतें, म्हणून सगळी लांबी हिशोबांत घेतां येते. गुणाकार अर्धा न्यूटन होतो. म्हणजे ५० ग्रॅमांचा धक्का. माझ्या आवाजाबरोबर प्रवाह सेकंदाला शेंकडों वेळां उलटतो, धक्काहि उलटतो, वेटोळ्याला जोडलेला कागदी पडदा कांपतो आणि हवेंतून शब्द उमटतात.

पण हें गणित चुकलें तर केवढा अनर्थ होईल, हें वीजकेंद्रांत कळतें. तेथें तांब्याच्या जाड पट्ट्या शेजारीं शेजारीं चिनी मातीच्या टेकूंवर बसविलेल्या असतात. जवळ चुंबक नसला तरी एका पट्टीच्या प्रवाहाचें क्षेत्र दुसरीवर बल लावतें. नियम असा : दोन्ही प्रवाहांचा गुणाकार करा, त्याची दुप्पट करा, एक कोटीनें भागा आणि शेवटीं मीटरांत मोजलेल्या अंतरानें भागा, प्रत्येक मीटर लांबीवरील बल मिळेल. पट्ट्यांत १० सेंटिमीटर अंतर व प्रत्येकींत १,००० अँपिअर प्रवाह असल्यास हें बल अवघें २ न्यूटन, म्हणजे २०० ग्रॅम भरतें. आतां कोठें शॉर्ट सर्किट होऊन प्रवाह क्षणभर ५०,००० अँपिअरवर गेला असें समजा. प्रवाह पन्नासपट झाला; परंतु तो दोन्ही पट्ट्यांत वाढल्यामुळें बल अडीच हजारपट, म्हणजे ५,००० न्यूटन होतें. धान्याच्या पांच क्विंटलांचा हा भार प्रत्येक मीटरवर अकस्मात् आदळतो. नेहमींच्या प्रवाहावर विसंबून टेकू निवडले असतील, तर ते फुटतील, पट्ट्या वांकतील आणि जवळ काम करणाऱ्यांच्या जिवावर बेतेल. म्हणून जाणता अभियंता टेकू निवडण्यापूर्वीं अपघाताच्या क्षणाचा हिशोब करतो.

याच बलानें एके काळीं प्रवाहाचें मापहि ठरविलें होतें. १९४८ पासून २०१९ पर्यंत एक अँपिअरची व्याख्या एक मीटर अंतरावरील दोन समांतर तारांमधील बलावरून केली जात असे. २० मे २०१९ पासून ती इलेक्ट्रॉनच्या विद्युद्भारावरून केली जाते. व्याख्या बदलली, तरी वर सांगितलेला हिशोब व्यवहारांत तसाच चालतो.

शेवटीं एक लहानसें उदाहरण आपल्यासाठीं ठेवतों. घरांतल्या इस्त्रीच्या दोन तारांतून सुमारें ५ अँपिअर प्रवाह उलटसुलट जातो. त्यांतील अंतर ५ मिलिमीटर धरा. एका मीटरवर बल किती येईल? आपला हिशोब बरोबर असेल, तर उत्तर ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याएवढें येईल, आणि त्या तारा हललेल्या आपल्याला कां दिसत नाहींत, तेंहि त्याच उत्तरांत सांपडेल.