रंग निराळा, पक्षी तोच

हिवाळ्यात भातखाचरांच्या चिखलात उतरणारा लांब चोचीचा पाणलावा आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. इंग्रजीत त्याला स्नाइप म्हणतात. वुडकॉक हा त्याचाच रानातला भाऊबंद. दोघांचेही अंग वाळक्या पानांसारखे तपकिरी, आणि दोघेही माणूस अगदी पायाशी येईपर्यंत दडून बसणारे. पक्षी भर्रकन उडाला की दोन-चार क्षणांत दिसेनासा होतो. तेवढ्या अवधीत शिकाऱ्याने त्याला ओळखावे कसे?

ह्याकरिता काही खुणा पक्क्या ठरलेल्या आहेत. वुडकॉक अंगाने भरदार. त्याचे पंख रुंद व गोलसर. तो ओलसर झाडीत राहतो आणि सायंकाळी चरावयास निघतो. सामान्य पाणलावा त्याच्याहून लहान. तो उघड्या दलदलीतून नागमोडी वळणे घेत उडतो. पक्षी हाती आल्यावर तर शंकेला जागाच उरत नाही. वुडकॉकच्या डोक्यावरील पट्टे आडवे असतात. पाणलाव्याच्या डोक्यावरील पट्टे चोचीकडून मानेकडे, म्हणजे उभे, गेलेले असतात.

परंतु कधी कधी ह्या खुणाही दगा देतात. १८२२ साली आयर्लंडमधील क्वीन्स परगण्यात एक विलक्षण पक्षी मारला गेला. बांधा पाणलाव्याचा, पण रंग काळपट, आणि अंगावर पांढऱ्या रंगाचा लवलेशही नाही! निकोलस व्हिगर्स हे त्या काळचे नामांकित पक्षिशास्त्रज्ञ. त्यांनी ही नवीनच जात मानली आणि १८२५ साली तिचे वर्णन प्रसिद्ध करून तिला ‘सॅबिनचा पाणलावा’ असे नाव दिले. पुढे असे आणखीही पक्षी मिळाले, तेही बहुतेक आयर्लंडमध्येच. मात्र जसजसे अधिक नमुने तपासले गेले, तसतशी ती स्वतंत्र जात नव्हे, हे विद्वानांच्या ध्यानी आले. तो नेहमीचाच पाणलावा होता. केवळ त्याच्या पिसांत मेलॅनिन नावाचे काळे रंगद्रव्य प्रमाणाबाहेर साठले होते.

हा प्रकार आपणांस अगदी अपरिचित नाही. पश्चिम घाटातील रानांत क्वचित आढळणारा काळा बिबट्या ही निराळी जात नव्हे. एकाच मादीच्या पिलांत एक ठिपकेदार आणि दुसरे काळे असू शकते. पांढरा कावळाही अखेर कावळाच. रंग बदलला म्हणून कूळ बदलत नाही.

ह्याच्या उलट उदाहरणही आहे. ब्रायन हॉजसन हे नेपाळात राहून तेथील पशुपक्ष्यांचा अभ्यास करीत. त्यांनी १८३६ साली ‘वुड स्नाइप’ ह्या पाणलाव्याचे वर्णन केले. हा पक्षी हिमालयात वीण घालतो आणि हिवाळ्यात काही पक्षी दक्षिणेकडील डोंगरांपर्यंत येतात. तो जड अंगाने, सावकाश, रुंद पंखांनी उडतो, त्यामुळे पाहणाऱ्यास वुडकॉकचाच भास होतो. पण त्याच्या डोक्यावरील पट्टे उभे आहेत. म्हणून तो वुडकॉक नव्हे. सामान्य पाणलाव्याचे पोट पांढरे असते, तर ह्याच्या पोटावर सर्वत्र आडव्या रेषा असतात. म्हणून तो सामान्य पाणलावाही नव्हे. येथे मात्र जात खरोखरच निराळी आहे.

एके ठिकाणी रंगाने फसविले, दुसऱ्या ठिकाणी उडण्याच्या ढंगाने. म्हणून एका खुणेवर विसंबून निर्णय करू नये; चोच, पंख, डोक्यावरील पट्टे, पोट आणि राहण्याची जागा ही सर्व एकत्र पाहावीत, आणि संशय उरल्यास तो संशय म्हणूनच नोंदवावा. व्हिगर्स विद्वान होते, तरी त्यांच्यापुढे पुरेसे नमुने नव्हते.

त्या काळी पक्षी ओळखावयाचा म्हणजे आधी तो मारावयाचा, अशीच रीत होती. नाव कळेपर्यंत पक्ष्याचा जीव गेलेला असे. मग तो पक्षी दुर्मिळ निघाला, तरी हळहळण्यावाचून काही उरत नसे. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ साली त्यात झालेल्या दुरुस्तीने शिकारीची ती वाट बंद केली. वुड स्नाइप तर आज जगभर संकटग्रस्त मानला जातो. तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांनी दुर्बीण आणि वही एवढेच साहित्य घेऊन शेताच्या बांधावर बसावे. पक्षी ओळखता आला नाही, तरी तो उडून जाईल. आणि उद्या पुन्हा येईल.