एक राजपुत्र आणि दोन मासे

राजपुत्र म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? घोडा, तलवार, नाहीतर पोलो! पण जपानचा एक राजपुत्र मात्र मायक्रोस्कोपला डोळा लावून माशांची हाडं बघत बसायचा. त्याचं नाव अकिहितो. जन्म १९३३ चा. पुढे १९८९ ते २०१९ अशी तीस वर्षं ते जपानचे सम्राट होते.

हा छंद घराण्यातलाच. वडील सम्राट हिरोहितो समुद्रातल्या हायड्रोझोआ या सूक्ष्म जीवांचे अभ्यासक. अकिहितोंनी निवडला गोबी मासा. हा बहुतेक बोटाएवढाच असतो, तळाशी राहतो आणि पोटाखालचे दोन पर जोडून तयार झालेल्या वाटीने दगडाला चिकटतो. याच्या जाती जवळपास दोन हजार, आणि कित्येक दिसायला सारख्याच! मग ओळखायच्या कशा? अकिहितोंनी खांद्याच्या हाडाचा आकार तपासला. १९६३ मध्ये युवराज असताना त्यांनी यावर पेपर लिहिला. डोक्यावरच्या संवेदना टिपणाऱ्या बारीक छिद्रांची आणि उंचवट्यांची मांडणीसुद्धा त्यांनी अभ्यासली. थोडक्यात, प्रत्येक जातीचं जणू फिंगरप्रिंटच. शास्त्रज्ञांनी गोबींच्या एका गटालाच 'अकिहितो' हे नाव दिलंय!

पण मला या माणसाची गोष्ट सांगावीशी वाटली ती दुसऱ्याच दोन माशांमुळे.

पहिला मासा ब्लूगिल. १९६० साली युवराज अमेरिकेला गेले, तेव्हा शिकागोच्या महापौरांनी त्यांना हे मासे भेट दिले. युद्धानंतरचा जपान, लोकांना प्रोटीन हवं होतं. खाण्यासाठी पाळता येतील, या विचाराने त्यांनी ते मत्स्य खात्याच्या संशोधन केंद्राला दिले. हेतू अगदी चांगला! पण ब्लूगिल जपान्यांच्या ताटात फारसा गेलाच नाही. तो गेला तलावांत. जपानमधला सगळ्यात मोठा तलाव बिवा. जगात दुसरीकडे कुठेच न सापडणारे मासे तिथे आहेत. ब्लूगिल त्यांची अंडी आणि पिल्लं फस्त करतो, आणि त्याचा नर मात्र स्वतःच्या घरट्याची राखण करतो. म्हणजे यांची संख्या वाढणार आणि त्यांची घटणार, साधं गणित आहे! जोडीला अमेरिकेचाच ब्लॅक बास होताच. शेवटी २००३ पासून तिथे नियम झाला की गळाला लागलेला ब्लूगिल परत तलावात सोडायचा नाही. २००५ मध्ये देशाच्या कायद्यानेही त्याला उपद्रवी परदेशी जात ठरवलं.

दुसरा मासा तिलापिया. १९६५ मध्ये अकिहितोंनी थायलंडचे राजे भूमिबोल यांना नाईल तिलापियाचे ५० मासे पाठवले. राजांनी ते राजवाड्याच्या तळ्यात वाढवले आणि पुढच्याच वर्षी १० हजार पिल्लं मत्स्य खात्याकडे दिली. आज 'प्ला निल' हा थायलंडच्या गरीब घरांतही शिजणारा स्वस्त मासा आहे.

आता बघा, माणूस तोच, हेतू तोच, मधे फक्त पाच वर्षं. एक भेट वरदान ठरली आणि दुसरी डोकेदुखी. तिलापियासुद्धा सगळीकडे गुणाचाच असतो असं नाही हं! आपल्या उजनी धरणात त्याच्या भाईबंदांना 'चिलापी' म्हणतात. चिलापीवर कित्येक मच्छीमारांचं पोट चालतं, पण तिथल्या मूळच्या माशांना तिने मागे टाकलं, हेही खरं. मासा चांगला की वाईट हा प्रश्नच नाही. तो कुठल्या पाण्यात जातो आणि तिथे आधीपासून कोण राहतं, हे महत्त्वाचं.

आणि आता खरी गोष्ट. २००७ मध्ये बिवाकाठच्या ओत्सू शहरात सम्राट अकिहितो जाहीर भाषणात म्हणाले की हा मासा मीच आणला होता आणि आज जे झालंय त्याने मनाला वेदना होतात. सम्राटाला कोण जाब विचारणार होतं? गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण प्रयोगाचा रिझल्ट हवा तसा आला नाही तरी तो लिहायचाच असतो, हे त्यांच्यातल्या शास्त्रज्ञाला माहीत होतं. राजपद सोडल्यावरही त्यांचं काम थांबलं नाही. २०२१ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर गोबीच्या दोन नव्या जाती जाहीर केल्या!

आपण उद्या धरणं, मशीन्स, सॉफ्टवेअर बनवणार. हेतू चांगलाच असेल. पण तलावात सोडलेल्या माशाला 'अनडू' नसतं. म्हणून सोडण्याआधी दहादा विचार करावा, आणि तरीही चुकलंच तर अकिहितोंसारखं उभं राहून सांगावं... हे माझं!